कूलंट नेमका गळतोय कुठून?

रात्री गाडीखाली कोरडा पुठ्ठा सरकवून ठेवा. सकाळचा डाग बिनरंगी, बिनवासाचा असेल तर ते एसीचं पाणी. हिरवा, गुलाबी किंवा नारिंगी, चिकट आणि गोडसर वासाचा असेल तर कूलंट. पण कूलंट ओघळत खाली येतो, त्यामुळे डागाच्या बरोबर वरच गळती असेल असं नाही. इंजिन थंड असताना (गरम असताना रेडिएटरच्या झाकणाला हातही लावू नका, उकळता कूलंट अंगावर उडतो) टॉर्च घेऊन होजपाइपच्या क्लिपा, रेडिएटरचे सांधे आणि वॉटर पंपाखालचं बारीक छिद्र बघा. वाळलेला पांढरट-हिरवट थर दिसला की चोर सापडला. सगळं कोरडं? मग पुढच्या सीटसमोरची मॅट उचला. चिकट ओल असेल तर हीटर कोअर.

खरी परीक्षा प्रेशर टेस्टरची. झाकणाच्या जागी हातपंप बसवून झाकणावर छापलेल्या आकड्याइतका, बहुधा १ बारच्या आसपास, दाब भरतात. काटा उतरतोय पण बाहेर थेंबही नाही, तर हेड गॅस्केटचा संशय घ्यावा. आणि जुनी गाडी विकत घेताना कूलंटच्या टाकीत नुसतं नळाचं पाणी दिसलं, तर विकणाऱ्याला आधी त्याचंच कारण विचारा.