हवेने थांबवलेली मालगाडी

अमेरिकेच्या औद्योगिक क्रांतीत वाफेच्या इंजिनाचं कौतुक भरपूर झालं. पण पिट्सबर्गचा कोळसा आणि शिकागोचं धान्य वाहणाऱ्या मालगाड्या लांबवायच्या, तर त्या थांबवायच्या कशा? इंजिनाची शिट्टी वाजली की ब्रेकमन धावत्या गाडीच्या टपावरून पळत. एका वाघिणीचं ब्रेकचाक हाताने आवळायचं, पुढच्या टपावर उडी घ्यायची, तिथलं चाक आवळायचं. हिवाळ्यात टपावर बर्फ साचे. पाय घसरला की माणूस रुळांवर.

जॉर्ज वेस्टिंगहाउसने १८६९ साली, अवघ्या २२व्या वर्षी हवेच्या ब्रेकचं पेटंट घेतलं. इंजिनावरचा पंप हवा दाबून नळीतून डब्यांकडे पाठवी, दट्ट्या सरके आणि ब्रेकचे ठोकळे चाकांवर घट्ट बसत. गोची एकच होती. नळी फुटली तर ब्रेकही गेला!

१८७२मध्ये त्याने सगळी योजनाच उलटी फिरवली. त्याची खरी प्रतिभा मला इथे दिसते. प्रत्येक डब्याखाली हवेची स्वतंत्र टाकी आली आणि नळीत दाब कायम भरलेला राहू लागला. तो उतरला की झडप सरकते आणि टाकीतली हवा दट्ट्यावर जाते. त्यामुळे गाडी मधोमध तुटली तरी दोन्ही तुकडे आपोआप थांबतात. हवेचे ब्रेक असलेली आपली गाडी साखळी ओढल्यावर थांबते तीही अशीच, नळीतली हवा बाहेर पडल्यामुळे.

तरी लांब मालगाडी दाद देईना. १८८६मध्ये आयोवातल्या बर्लिंग्टनजवळ ५० वाघिणींच्या गाड्यांवर चाचण्या झाल्या. पुढचे ब्रेक आधी लागत, मागचे उशिरा. मग मागच्या वाघिणी पुढच्यांवर जोरात आदळत. वेस्टिंगहाउसने झडप पुन्हा घडवली. आता प्रत्येक झडप नळीतली थोडी हवा जागच्या जागी काढून घेई, त्यामुळे दाब उतरल्याची वर्दी शेवटच्या वाघिणीपर्यंत झपाट्याने पोचू लागली.

प्रवासी गाड्यांना हे ब्रेक आधीच मिळाले होते. मालगाड्यांवर खर्च करायला मात्र कंपन्या टाळाटाळ करत राहिल्या. वाघिणी जोडताना बोटं चिरडणारी खिळ्याची जोडणीही तशीच चालू होती, खरं तर एली जॅनीने आपोआप जुळणाऱ्या कपलरचं पेटंट १८७३लाच घेतलं होतं. लोरेन्झो कॉफिन या आयोवातल्या शेतकऱ्याने वर्षानुवर्षं पाठपुरावा केला, तेव्हा कुठे १८९३मध्ये दोन्ही सुधारणा सक्तीच्या करणारा कायदा झाला. कंपन्यांनी मुदतवाढ मागून घेतली. अंमल सुरू झाला १९००मध्ये.