थंड हवेचें द्राक्ष

मुरबाडहून माळशेजचा घाट चढून जुन्नरकडे जाणाऱ्या प्रवाशाला एका सकाळींत दोन हवा भेटतात. खालीं भातखाचरें, आंबराया आणि दमटपणा. वर कोरडा वारा, गार रात्री आणि नारायणगांवच्या बाजूचे द्राक्षमळे. फळाच्या चवींत हवेचा वाटा किती, हें पाहावयाचें तर शार्डोने या फ्रेंच पांढऱ्या द्राक्षाकडे वळावें. त्याला स्वतःचा गंध बेताचाच. ज्या हवेंत तें पिकतें तिचीच तें साक्ष देतें.

आपला आंबाच घ्या. कैरींत आंबटपणा भरपूर, साखर थोडी; पिकल्यावर साखर चढते आणि आंबटपणा मावळतो. मधली पाडाची अवस्था ज्याला आवडते, त्याला थंड मुलुखांतील शार्डोने चटकन् कळेल. सफरचंदाला आंबट करणारें मॅलिक आम्ल द्राक्षांतहि असतें, आणि हवा उबदार असली म्हणजे फळ तें श्वसनांत जाळून टाकतें. थंडींत साखर सावकाश चढते व आम्ल टिकतें. म्हणून उत्तर फ्रान्समधील शाब्लीच्या वाइनला हिरवें सफरचंद, लिंबू आणि ओल्या दगडाचा वास असतो. ही चव स्वस्तांत मिळत नाहीं. वसंतांत हिम पडलें तर कोवळी फूट करपते. तेथील शेतकरी रात्रभर मळ्यांत शेगड्या पेटवून बसतात. उलट कॅलिफोर्नियाच्या उष्ण भागांत त्याच द्राक्षाला पीच, अननस, क्वचित् आंब्याचाहि स्वाद येतो.

येथें एक घोटाळा नेहमीं होतो. लोण्याचा व व्हॅनिलाचा वास म्हणजेच शार्डोने, असें पुष्कळ जण समजतात. ती हवेची नव्हे, तळघराची करणी. दहीं लावणाऱ्या जंतूंच्या जातकुळीचेच जंतू मॅलिक आम्लाचें दह्यांतलें आम्ल करतात, आणि त्या खटाटोपांत लोण्याचा गंध निपजतो. व्हॅनिला येतो ओकच्या पिंपांतून. शाब्लींत पोलादी टाक्यांचा वापर पुष्कळ. दक्षिणेच्या मर्सो गांवाला पिंपें प्रिय. माझ्या मतें लोणी चवीपुरतेंच असावें.

आतां घाटावर येऊं. शाब्ली सुमारें 48 अक्षांशावर, जुन्नर 19 वर. आपल्याकडे वेल हिवाळ्यांत झोपत नाहीं. तेव्हां बागाइतदार एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी व ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी करून पीक जानेवारी ते मार्चमध्यें घेतो. स्थळाची थंडी नाहीं, म्हणून त्यानें काळाची थंडी धरली! पण अडचण पुढेंच आहे. युरोपांत द्राक्ष पिकतें तें शरदाच्या गारव्याकडे जात. आपल्याकडे तें उन्हाळ्याकडे जात पिकतें. आम्ल हवें असेल तर घड लौकर उतरविले पाहिजेत. असें आंबट द्राक्ष फसफसणाऱ्या वाइनला उत्तम. 1980 नंतरच्या दशकांत नारायणगांवीं शांपेनच्या धर्तीवर झालेली ‘ओमर खय्याम’ वाइन परदेशींहि गेली, हें म्हणूनच मला नवलाचें वाटत नाहीं. सोलापूर जिल्ह्यांत अकलूजजवळ शार्डोने लावलें आहे. तेथील वाइनमध्यें शाब्ली शोधूं नये, पिकल्या फळाचा भरदारपणा पाहावा.

पिणारानें मात्र बाटली बर्फांत फार वेळ गाडूं नये, गंध मिटतो. दहा-बारा अंश पुरे. पेला हातांत थोडा उबला कीं आधीं लिंबू येतें, मग सफरचंद, आणि विरजण लागलेलें असेल तर शेवटीं लोणी.