पोर चिल्काला गेलं, आता घरच्यांनी काय करायचं?



नौदलात अग्निवीर म्हणून निवड झालेल्या मुला-मुलींचं पहिलं प्रशिक्षण ओडिशातल्या आयएनएस चिल्का इथं होतं. भरतीसाठी किती धावायचं, परीक्षेला काय वाचायचं, हे सांगणारे आपल्या गोव्यात पुष्कळ आहेत. पण पोर गाडीत बसलं की मागं राहिलेल्या आईबापानं काय करायचं, हे कोणी सांगत नाही. म्हणून ही पोस्ट जरा सविस्तर.

चिल्का म्हणजे काय?

चिल्का सरोवराच्या काठावर, खोर्धा जिल्ह्यात हे केंद्र आहे. जवळचं रेल्वे स्थानक बालुगाव. प्रशिक्षण साधारण १६ आठवड्यांचं. अग्निवीरांची पहिली तुकडी २८ मार्च २०२३ रोजी तिथून बाहेर पडली. सुमारे २,६०० जण होते, त्यांत २७३ मुली. त्यामुळे खाली 'मुलगा' लिहिलं असलं तरी मुलीलाही तेच लागू.

एक गोष्ट आधीच लक्षात ठेवा. तिथं पोचल्यावर अंतिम वैद्यकीय तपासणी होते आणि ती पार पडल्यावरच प्रवेश पक्का होतो. म्हणून निरोप द्या, देवाला नारळ ठेवा, पण गावभर पेढे वाटायची घाई नको. तपासणीत अडकून पोर परत आलं तर त्याला घराबाहेर पडायची लाज वाटेल असं काही आपण करून ठेवू नये.

"आमच्या पोराला दर्या ठाऊक आहे"

हे आपण सगळेच म्हणतो, आणि ते खरंही आहे. पहाटे जाळं ओढलेला मुलगा अंगमेहनतीला घाबरत नाही. दोरीच्या गाठी त्याला येतात. पण चिल्काचे पहिले दिवस दर्याचे नसतात. ते असतात परेडचे, पीटीचे, गणवेशाला इस्त्रीचे, बुटाला पॉलिशचे आणि घड्याळाचे. होडीवर तांडेल ओरडला तरी तो काका नाहीतर मामाच असतो, संध्याकाळी तोच चहा पाजतो. तिथं ओरडणारा अनोळखी असतो, आणि तो हिंदीत ओरडतो.

पोहण्याचंही तसंच. आपल्यातल्या कितीतरी मुलांना नीट पोहता येत नाही, आणि ज्यांना येतं ते आपल्या पद्धतीनं हातपाय मारतात. नौदलात पोहण्याची चाचणी द्यावीच लागते. म्हणून जायच्या आधी त्याला सांगा, "तिथं शिकवतील तसं शीक. आमच्याकडे असं करत नाहीत, हे वाक्य तोंडातून काढू नको."

पहिला फोन

फोन कधी करायचा हे तिथल्या नियमानं ठरतं. काही दिवस फोन आला नाही म्हणजे काही वाईट झालं असं नव्हे. आणि मग एक दिवस फोन येतो, "बाबा, मला इथं नाय राहायचं. मला न्यायला या."

या एका फोनवर बरंच काही अवलंबून असतं. घाबरून "ये परत" म्हणू नका. रागावून "परत आलास तर तोंड दाखवू नको" असंही म्हणू नका. पहिल्यानं त्याचा निश्चय मोडतो. दुसऱ्यानं तो पुढच्या वेळी खरं सांगायचंच सोडतो.

आधी ऐकून घ्या. मग साधं विचारा: जेवलास काय? झोप होते का? पाय दुखतात का? बाजूच्या खाटेवर कोण आहे, कुठल्या गावचा? बोलता बोलता त्याचा आवाज खाली येतो. शेवटी एवढंच म्हणा, "बाळा, पुढच्या फोनपर्यंत काढ. मग बोलू." १६ आठवडे कोणालाही डोंगराएवढे वाटतात, एक आठवडा निघतो. बहुतेकांना सुरुवातीचेच आठवडे जड जातात.

मात्र रडणं वेगळं आणि खचणं वेगळं. जेवण-झोप तुटली असेल, जगण्यातच अर्थ नाही असं बोलत असेल, तर "मर्दासारखा राहा" म्हणून फोन ठेवू नका. त्याला त्याच्या अधिकाऱ्याला किंवा डॉक्टरला लगेच सांगायला लावा आणि तुम्ही स्वतःही केंद्राशी संपर्क करा. सरकारची टेलिमानस ही मोफत मदतवाहिनी १४४१६ वर आहे, तुम्हीही तिथं बोलू शकता.

दुखणं लपवायचं नाही

धावून आणि परेड करून नडगी, गुडघा, टाच दुखते. मागे पडू या भीतीनं मुलं दुखणं लपवतात. हाडाला बारीक चीर गेली असेल तर लपवल्यानं ती वाढते. एखाद्याला थांबवून मागच्या तुकडीबरोबर पुन्हा प्रशिक्षण घ्यायला लावतात. त्यात कमीपणा नाही. पाय कायमचा गेला तर नौदलही गेलं आणि होडीही. हे त्याला तुमच्या तोंडून ऐकू द्या.

घरचं काय सांगायचं, काय नाही

इंजिन बिघडलं, मासळी मिळाली नाही, बँकेचा हप्ता थकला, हे फोनवर सांगू नका. तिथून तो काही करू शकत नाही, फक्त रात्रभर जागा राहतो. पण घरात गंभीर आजार किंवा मृत्यू झाला तर ते लपवू नका. नंतर कळलं तर तो तुमच्यावर कधीच विश्वास ठेवणार नाही. अशी बातमी केंद्रातल्या अधिकाऱ्यांमार्फत कळवा, म्हणजे त्या वेळी त्याच्याजवळ कोणीतरी असेल. त्यासाठी केंद्राचा फोन नंबर आणि मुलाचा प्रशिक्षणार्थी क्रमांक घरात लिहून ठेवा.

आणि पत्र लिहा. आईनं लिहिलेल्या चार ओळी तो खाटेवर पडून दहा वेळा वाचतो. पत्ता तो सांगेल तसाच लिहा.

फोटो टाकू नका

आपल्याला अभिमान असतो, लगेच स्टेटस टाकतो. पण गणवेशातला फोटो, तुकडीचं नाव, कुठं बदली झाली, हे फेसबुक-व्हॉट्सॲपवर नको. हेरगिरीच्या प्रकरणानंतर डिसेंबर २०१९ मध्ये नौदलानं तळांवर आणि जहाजांवर स्मार्टफोन आणि फेसबुकवर बंदी आणली होती. "मी ऑफिसमधून बोलतोय" म्हणत कोणी मुलाची माहिती किंवा पैसे मागितले तर फोन ठेवा.

पैशाचा हिशेब

पहिल्या वर्षी महिना ३०,००० रुपये ठरलेले. त्यातले ३० टक्के सेवा निधीत जातात, हातात २१,००० येतात. सरकारही निधीत तेवढीच भर घालतं, आणि चार वर्षांनी साधारण १० लाख आणि वर व्याज मिळतं. पेन्शन नाही. जास्तीत जास्त २५ टक्के जण पुढे कायम होतात. म्हणून मुलाच्या पगाराच्या भरवशावर नवीन ट्रॉलरचं कर्ज काढू नका. चार वर्षांनी तो काय करणार, हे तेव्हा त्याचं त्याला ठरवू द्या.

दीक्षांत परेडला जायचं ठरवाल तर तारीख मुलाकडून पक्की झाल्यावरच तिकीट काढा. समोरून येणारा मुलगा बारीक झालेला असेल, केस कापलेले असतील, पटकन ओळखूही येणार नाही. त्याला आधी पोटभर बोलू द्या. घरचं गाऱ्हाणं नंतर.

आपल्या वाड्यावरचं कोणी चिल्काला जाणार असेल तर ही पोस्ट त्यांच्या घरी वाचून दाखवा. ज्यांची मुलं जाऊन आली आहेत त्यांनी नव्या आईबापांना दोन शब्द धीराचे सांगा. होडी पाण्यात ढकलताना आपण सगळे हात लावतो, इथंही लावूया.