समस्यापूर्ती आणि छत्तीस तास

सभेत एखादा चरण दिला जावा आणि कवीने उरलेला श्लोक तत्काळ रचावा, ही समस्यापूर्तीची रीत संस्कृत व ब्रज या दोन्ही काव्यपरंपरांना परिचित होती. विद्यार्थ्यांच्या आज्ञावलीनिर्मितीच्या स्पर्धा, म्हणजे ‘हॅकेथॉन’, याच जातीच्या आहेत. २०१७ पासून भरणाऱ्या ‘स्मार्ट इंडिया हॅकेथॉन’मध्ये सहा विद्यार्थ्यांचा संघ अंतिम फेरीत सलग ३६ तास बसून दिलेल्या समस्येवर आज्ञावली रचतो. समस्या देतात ती मंत्रालये, शासकीय विभाग आणि उद्योगसंस्था. भोजाच्या दरबारात समस्या देणारा स्वतः काव्यज्ञ असे (निदान आख्यायिका तसे सांगतात). येथे भाषाविषयक समस्या देणारा भाषाज्ञ असेलच, असे नाही.

यातून काय बिघडते, हे मराठीच्या एका जोडीवरून दाखविता येईल. ‘आचार्यास’ म्हणजे गुरूस, ‘आचाऱ्यास’ म्हणजे स्वयंपाक्यास. दुसऱ्या शब्दातील अर्धा र युनिकोडमध्ये दोन रीतींनी साठविता येतो: नुक्तायुक्त ऱ योजून, अथवा साधा र, हलन्तचिन्ह आणि त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह देऊन. वाचकाला दोन्ही सारखेच दिसतात; शोध घेणाऱ्या आज्ञावलीला मुद्दाम शिकविल्याखेरीज ते दोन वेगळे शब्द वाटतात. याहून वाईट म्हणजे, मजकूर ‘स्वच्छ’ करताना अदृश्य चिन्हे निरुपयोगी समजून गाळली, तर आचारी निमूटपणे आचार्य होतो. कोठेही दोष दाखविला जात नाही. हिंदीला या भेदाची गरज नसल्यामुळे हिंदी मजकुरावरील चाचणीतही तो उघड होत नाही.

छत्तीस तासांत विद्यार्थी सिद्ध साधनेच वापरणार. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. समस्येतच ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांसारख्या शे-दोनशे जोड्या देऊन त्या वेगळ्या ओळखण्याची अट घातली, तर परीक्षकांपुढील देखण्या प्रात्यक्षिकावर निकाल लागणार नाही. या जोड्या आपल्या भाषाविभागांनीच जमवून द्यावयास हव्यात, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. प्रश्न मराठीपुरता नाही. मलयाळममधील चिल्लु अक्षरांना युनिकोडने २००८ मध्ये स्वतंत्र स्थाने दिली. त्यापूर्वी ती अशाच अदृश्य जोडचिन्हाने साधली जात. जुना आणि नवा मजकूर एकत्र शोधावयाचा झाल्यास त्या विभागालाही आपली यादी करावी लागेल.