कार्ब्युरेटर गेला त्यानंतर

दिल्लीची हवा सुधारावी म्हणून सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये कडक भूमिका घेतली. राजधानी परिसरात नोंदवल्या जाणाऱ्या खासगी गाड्यांना १ जून १९९९ पासून युरो-१ आणि १ एप्रिल २००० पासून युरो-२ ही मानकं लागू झाली. युरो-२ चं गणित कार्ब्युरेटरला झेपणारं नव्हतं. कंपन्यांनी भराभर इंजेक्शनची इंजिनं बाजारात आणली आणि हौसेने गाडी ‘तयार’ करणाऱ्या मंडळींचं जग वर्ष-दोन वर्षांत पालटलं. गंमत अशी की, या मंडळींना तेव्हा हे संकट वाटलं होतं.

वाटणारच. कार्ब्युरेटर हातात धरता यायचा. जेट बदला, सुई वरखाली करा, एक चक्कर मारून या, प्लग काढून बघा. प्लगचं टोक विटकरी दिसलं तर मिश्रण ठीक, काजळी धरली तर पेट्रोल जास्त, पांढरं पडलं तर कमी. चांगला मिस्त्री इंजिनाच्या आवाजावरून अर्धं निदान करायचा. या पद्धतीची मर्यादा घाट चढताना कळायची. महाबळेश्वर साधारण १,३५० मीटर उंचीवर आहे आणि तिथली हवा समुद्रसपाटीपेक्षा जवळपास १२ टक्के विरळ. कार्ब्युरेटरला याची फारशी कल्पनाच नसायची. तो पेट्रोल जवळपास मुंबईच्या मापाने सोडत राहायचा आणि गाडी पसरणी घाटातच जड व्हायची. इंजेक्शनच्या गाडीत मॅनिफोल्डचा दाब आणि हवेचं तापमान मोजून ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, दर फेरीला हिशेब नव्याने मांडतो. पण तो हिशेब एका बंद डबीत होत होता आणि डबीला स्क्रू नव्हता. ‘आता या गाड्यांना कोणी हात लावू शकणार नाही,’ हे त्या काळात गॅरेजागॅरेजांत ऐकू येणारं वाक्य.

आकडे मात्र वेगळंच सांगत होते. मारुती ८०० कार्ब्युरेटरवर ३७ बीएचपी द्यायची, एमपीएफआय (मल्टिपॉइंट इंजेक्शन) झाल्यावर ४५. झेन ५० वरून ६० वर गेली, एस्टीम ६५ वरून ८५ वर. डिकीवरच्या ‘एमपीएफआय’ या चार अक्षरांना सगळं श्रेय मिळालं आणि इथेच आपल्याकडच्या हौशी ट्यूनिंगचा पहिला गैरसमज जन्माला आला. या गाड्यांची नुसती पेट्रोल सोडायची पद्धत बदललेली नव्हती, हेडही बदललं होतं. तिन्हींत दर सिलिंडरला दोनऐवजी चार व्हॉल्व्ह आले होते. एस्टीमच्या त्या २० बीएचपीतला मोठा वाटा जास्त हवा आत घेणाऱ्या हेडचा होता. इंजेक्शनने त्या हवेला बरोबर मापात पेट्रोल दिलं, एवढंच. इंजिनात पेट्रोल हवं तेवढं ओतता येतं. कष्ट पडतात ते हवा आत कोंबायला.

हे न समजल्यामुळे पुढची पाच-सात वर्षं बरीच हौस वाया गेली. ‘पॉवर चिप’ म्हणून विकल्या जाणाऱ्या काही डब्यांत एखादा रेझिस्टर असायचा. तो हवेच्या तापमानाच्या सेन्सरला खोटं सांगायचा की हवा गार आहे, मग ईसीयू थोडं जास्त पेट्रोल सोडायचा. रोजच्या चालीत ऑक्सिजन सेन्सर ही लबाडी काही सेकंदांत पकडतो आणि पेट्रोल परत कमी करतो, त्यामुळे ग्राहकाच्या हाती पावतीच उरायची. दुसरं वेड कोन फिल्टरचं. मूळ हवापेटी काढून बॉनेटखाली उघडा फिल्टर बसवला की आवाज झकास येतो, पण आत जाते ती रेडिएटरने तापवलेली हवा. हवेचं तापमान ३ अंशांनी वाढलं की तिची घनता साधारण १ टक्क्याने घटते. मे महिन्यात पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये अशी गाडी मूळ गाडीपेक्षा मंद असायची आणि मालक आवाजावर खूश असायचा.

ज्यांना खरंच ताकद हवी होती ते वेगळ्या वाटेने गेले, आणि या कालखंडातला सगळ्यांत रसरशीत भाग मला तोच वाटतो. एस्टीमचं १.३ लिटरचं सोळा व्हॉल्व्ह इंजिन रॅलीवाल्यांचं लाडकं झालं. हलकं, फिरायला मोकळं, सुटे भाग कोपऱ्यावरच्या दुकानात. हेच इंजिन जिप्सी किंगमध्ये ८० बीएचपीवर आलं. त्याहून जास्त भूक असलेल्यांनी बलेनोचं ९४ बीएचपीचं १.६ लिटर इंजिन जिप्सीत चढवलं. अशा कामात माउंटिंग आणि एक्झॉस्ट हा सोपा भाग. डोकं जायचं वायरिंगमध्ये. इंजिनाबरोबर त्याचा ईसीयू, त्याचं हार्नेस, त्याचे सेन्सर सगळं आणावं लागायचं, नाहीतर गाडी सुरूच होत नसे. ज्या मिस्त्रींनी ही वायरिंगं सोडवली तेच पुढे इंजेक्शनचे जाणकार झाले. हेडचं पोर्टिंग, कॅम, चांगला हेडर ही जुनी विद्या त्यांना येतच होती. आता त्यांना कळलं की हवा वाढवली तर इंजेक्टरही पुरला पाहिजे. त्याचा ढोबळ हिशेब असा: एका बीएचपीला तासाला सव्वादोनशे ग्रॅमच्या आसपास पेट्रोल लागतं. चार सिलिंडरच्या १०० बीएचपी इंजिनात इंजेक्टर ८० टक्के वेळ उघडा धरला तर प्रत्येकी मिनिटाला १६० सीसी क्षमता हवी, १५० बीएचपीला २४०. याच्या खाली गेलात तर लाल रेषेजवळ पेट्रोल कमी पडणार आणि पिस्टन वितळणार. तिथे नशिबाचा काही संबंध नसतो.

तरीही अंदाजाचं राज्य संपलं नव्हतं. ते संपवलं एका सेन्सरने. बॉशचा लॅम्डा, म्हणजेच ऑक्सिजन सेन्सर १९७६ मध्ये व्होल्वोच्या गाड्यांत पहिल्यांदा आला आणि आपल्याकडच्या इंजेक्शनच्या गाड्यांनाही त्याचाच वंशज मिळाला. पण तो अरुंद पट्ट्याचा. एक भाग पेट्रोलला १४.७ भाग हवा या रेषेच्या कोणत्या बाजूला मिश्रण आहे, एवढंच तो सांगतो. मधला काटाच नसलेला तराजू म्हणा ना. किलोभर जास्त की चिमूटभर जास्त, याला पत्ता नाही. पूर्ण थ्रॉटलला साध्या इंजिनाला साडेबारा ते तेरा आणि टर्बो इंजिनाला साडेअकरा ते बारा असं घट्ट मिश्रण लागतं. तिथे हा सेन्सर निरुपयोगी, म्हणून कारखान्याचा ईसीयूही त्या क्षणी त्याचं ऐकणं सोडून आपल्या तक्त्यावर विसंबतो. २००० नंतरच्या काही वर्षांत रुंद पट्ट्याचा, म्हणजे वाइडबँड सेन्सर हौशी माणसाच्या आवाक्यात आला. एक्झॉस्टमध्ये एक नट वेल्ड करा, सेन्सर बसवा आणि प्रत्येक आरपीएमला मिश्रणाचा नेमका आकडा पडद्यावर वाचा. या पंचवीस वर्षांत चिप, टर्बो, लॅपटॉप यांचं कौतुक भरपूर झालं. माझ्या मते खरी क्रांती या बोटभर सेन्सरने केली. त्याच्यामुळे ट्यूनिंग कानावरून आकड्यावर आलं.

त्याच सुमाराला, २००१ मध्ये, अमेरिकेत ब्रूस बॉलिंग आणि अल ग्रिप्पो या दोघांनी ‘मेगास्क्वर्ट’ काढलं. सुटे भाग घ्या, सोल्डरिंग आयर्न तापवा आणि स्वतःचा ईसीयू घरी जोडा. पेट्रोलचा तक्ता, पुढच्या आवृत्त्यांत स्पार्कचाही, सगळं उघडं. स्पार्क एकेक अंशाने पुढे न्यायचा आणि टॉर्क वाढायचा थांबला किंवा नॉकिंगची चाहूल लागली की मागे यायचं, ही शिस्त अनेकांना अशा उघड्या ईसीयूंनीच लावली. आपल्याकडे त्याचा खरा उपयोग हौशी मालकांइतकाच अभियांत्रिकीच्या मुलांनी केला. फॉर्म्युला स्टुडंट प्रकारच्या स्पर्धांत अनेक भारतीय संघ चाकणला बनणारं केटीएम ३९० चं ३७३ सीसी इंजिन वापरतात आणि नियमाप्रमाणे त्याच्या तोंडावर २० मिलिमीटरचा रिस्ट्रिक्टर बसवतात. श्वासच आवळल्यावर कंपनीचा तक्ता चालत नाही, नवा लिहावाच लागतो. पुण्या-मुंबईच्या कॉलेजांतून अशी मॅपिंग केलेली मुलं बाहेर पडली, आणि हाताने शिकलेल्या मिस्त्रीशेजारी आलेख वाचणारा इंजिनिअर उभा राहू लागला. दोघांचं जमलं तिथे काम उत्तम झालं.

मग टर्बो आला. २००४ मध्ये शेंद्र्याच्या कारखान्यात जोडलेली स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस १.८ लिटर टर्बो पेट्रोल इंजिन आणि १५० पीएस घेऊन रस्त्यावर उतरली. ईसीयूची नुसती फाइल बदलून ती १९० च्या घरात जायची. साध्या इंजिनात महिनोन् महिने खपून मिळत नव्हतं ते लॅपटॉप लावल्यावर तासाभरात. कारण तेच जुनं, हवा. टर्बो असला की बूस्ट वाढवून हवा कोंबता येते आणि ते सॉफ्टवेअरच्या हातात असतं. २०१३ मध्ये चाकणच्या पोलो जीटी टीएसआयने (१.२ लिटर, १०५ पीएस) हे वेड मध्यमवर्गीय घरात आणलं. डिझेलवाल्यांचं प्रकरण समांतर चालू होतं. त्यातल्या काळ्या धुरावर बढाई मारणाऱ्यांबद्दल न लिहिलेलंच बरं.

रिमॅप, म्हणजे फाइल बदलणं, सोपं झालं तशी समजही पातळ झाली, हे माझं मत आहे. ‘स्टेज वन’ म्हणजे दुसऱ्या देशातून ईमेलने आलेली तयार फाइल. तिथली हवा, तिथलं पेट्रोल, तिथली गाडी. कंपनीने ठेवलेला राखीव पल्ला फुकटचा नसतो. तो नागपूरच्या मे महिन्यासाठी, वाईट पेट्रोलसाठी आणि क्लचच्या आयुष्यासाठी ठेवलेला असतो. पोलोचा सात गिअरचा कोरड्या क्लचचा डीएसजी २५० न्यूटन मीटरपर्यंतच्या टॉर्कसाठी बनलाय. मूळ १७५ वरून त्या कडेला गेलं की बिल गिअरबॉक्सकडून येतं. डायनोच्या, म्हणजे ताकद मोजणाऱ्या यंत्राच्या, कागदावरही डोळे उघडे ठेवावेत. चाकांवर मोजलेला आकडा इंजिनाच्या आकड्यापेक्षा साधारण १५ टक्क्यांनी कमी येतो. रिमॅपआधीचा चाकांवरचा आणि नंतरचा इंजिनाचा आकडा शेजारी छापला की कोणतीही फाइल जादूची दिसते.

पेट्रोलही मधल्या काळात बदललं. साधं ९१ ऑक्टेन हीच बराच काळ ट्यूनरची खरी भिंत होती. डिसेंबर २०२० मध्ये इंडियन ऑइलने १०० ऑक्टेनचं एक्सपी-१०० आणलं तेव्हा टर्बोवाल्यांनी टाक्या भरभरून घेतल्या. आता पंपावर ई-२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल आहे. इथेनॉलमुळे ऑक्टेन ९५ च्या घरात गेलं, म्हणजे स्पार्क पुढे न्यायला थोडी जागा मिळाली. पण १४.७ चं गुणोत्तर ई-२० ला साडेतेरावर येतं, म्हणजे त्याच हवेला जास्त इंधन लागतं. जो इंजेक्टर आधीच ८० टक्क्यांवर होता तो आता तोकडा पडतो. जुन्या फाइलवर पळणाऱ्या प्रत्येक गाडीचं मिश्रण पूर्ण थ्रॉटलला पुन्हा मोजायला हवं, आणि फार थोडे मालक ते करतात.

कायद्याचीही चौकट याच काळात आवळली. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल वाहनात करता येणार नाहीत. मोटार वाहन कायद्याच्या त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२-अ आलं: बेकायदा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. म्हणजे नोंदणीकृत गाडीवरची ही हौस कायद्याने ट्रॅककडेच ढकललेली आहे आणि तिची योग्य जागाही तीच.

ट्रॅकच्या गाडीचं ट्यूनिंग करून घेणार असाल, तर ट्यूनरकडून तीन गोष्टी लेखी मागा: आधीचा आणि नंतरचा एकाच डायनोवरचा, एकाच पद्धतीचा आलेख, पूर्ण थ्रॉटलचा वाइडबँड लॉग, आणि तुमच्या ईसीयूची मूळ फाइल. तो टाळाटाळ करू लागला तर गाडीची किल्ली देऊ नका.