मूलद्रव्यांच्या कुलनामांची मराठी परिभाषा : नाशिक-पंचवटी परिसरातील उदाहरणांसह विवेचन

सारांश : आवर्तसारणीतील गणाचे नाव त्या गणाचा एखादा ठळक गुणधर्म सांगत असते. हा अर्थ उलगडल्यास संज्ञा पाठ करण्याचा भार हलका होतो. मात्र काही परिचित मराठी शब्द दिशाभूलही करतात. प्रस्तुत लेखात अशा निवडक संज्ञांचा परामर्श घेतला आहे.

प्रस्तावना

आधुनिक आवर्तसारणीत ११८ मूलद्रव्ये ७ आवर्तांत व १८ गणांत मांडलेली आहेत. एका गणातील मूलद्रव्यांची बाह्यतम इलेक्ट्रॉन-रचना सामान्यतः सारखी असल्याने त्यांच्या रासायनिक वर्तनात साम्य आढळते. म्हणून गणास कुल असेही म्हटले जाते. निफाड, दिंडोरी, पेठ या तालुक्यांतून पंचवटीत शिकावयास येणाऱ्या मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्यापुढे शालेय मराठी, महाविद्यालयीन इंग्रजी आणि शेतीव्यवहारातील मराठी अशा तीन परिभाषा एकाच वेळी उभ्या राहतात. त्यांची सांगड घालून देणे हे अध्यापकाचे काम होय.

१. अल्क, क्षार आणि मृदा

गण १ मधील लिथियम, सोडियम, पोटॅशियम इत्यादी धातूंना अल्क धातू म्हणतात. अल्क या संज्ञेचे मूळ राख या अर्थाच्या अरबी शब्दात आहे. लाकडाच्या राखेत पोटॅशियम कार्बोनेट असते. राखेने भांडी घासण्याची जुनी रीत याच अल्कतेवर आधारलेली आहे. येथे एक सावधगिरी आवश्यक ठरते. हिंदी पुस्तकांत याच गणास ‘क्षार धातु’ म्हणतात. मराठी पाठ्यपुस्तकांत मात्र क्षार म्हणजे आम्ल व आम्लारी यांच्या अभिक्रियेतून मिळणारा पदार्थ. दोन्ही भाषांतील संदर्भग्रंथ वाचणाऱ्या विद्यार्थ्याचा त्यामुळे गोंधळ होतो. गण २ च्या अल्कधर्मी मृदा धातूंतील ‘मृदा’ म्हणजे शेतातील माती नव्हे. अग्नीत न वितळणाऱ्या चुन्यासारख्या ऑक्साइडांना जुने रसायनज्ञ मृदा म्हणत. गण १७ मधील हॅलोजन याचा अर्थ क्षार निर्माण करणारा. सोडियम व क्लोरीन यांपासून बनलेले मीठ हे त्याचे सर्वपरिचित उदाहरण.

२. नत्र, स्फुरद, पालाश

द्राक्षबागायतदारांच्या तोंडी असलेल्या या त्रयीतील नत्र (नायट्रोजन) व स्फुरद (फॉस्फरस) गण १५ मधील आहेत, तर पालाश (पोटॅशियम) गण १ मधील. तथापि खताच्या गोणीवरील १०:२६:२६ या आकड्यांत नत्र मूलद्रव्याच्या रूपात मोजलेले असते. स्फुरद व पालाश मात्र अनुक्रमे फॉस्फरस पेंटॉक्साइड व पोटॅशियम ऑक्साइड यांच्या रूपात. म्हणून त्या खतात प्रत्यक्ष फॉस्फरस सुमारे ११.३ टक्के व पोटॅशियम सुमारे २१.६ टक्के असते. रेणुवस्तुमानावरून हे गणित वर्गात सोडवून घेतल्यास संज्ञा आणि मूलद्रव्य यांतील अंतर आपोआप स्पष्ट होते.

३. नाणेधातू

तांबे, चांदी व सोने हे गण ११ मधील धातू. सारणीच्या जुन्या मांडणीत अल्क धातू व नाणेधातू हे पहिल्या गणाचेच दोन उपगण मानले जात. वर्तन मात्र परस्परविरुद्ध. अल्क धातूंची क्रियाशीलता गणात वरून खाली वाढते, नाणेधातूंची घटते. तांब्याच्या गडूवर हिरवट थर चढतो, चांदी गंधकाच्या संयुगांनी काळवंडते, सोने तसेच राहते. नाशिक जिल्ह्यातील जोगलटेंभी येथे १९०६ मध्ये तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी सापडली. नहपानाच्या अनेक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा उमटविला होता. पुन्हा ठसा घेण्याजोगी वर्धनीयता आणि शतकानुशतके जमिनीत टिकणारी अल्प क्रियाशीलता, हेच या कुलनामाचे स्पष्टीकरण होय.

४. निष्क्रिय की राजवायू?

गण १८ साठी ‘निष्क्रिय वायू’ ही संज्ञा दीर्घकाळ रूढ आहे. १९६२ मध्ये नील बार्टलेट यांनी झेनॉनचे संयुग तयार केल्यानंतर ती शब्दशः खरी राहिली नाही. ‘राजवायू’ ही संज्ञा इतरांत सहसा न मिसळण्याची वृत्ती सांगते, अशक्यता सांगत नाही. म्हणून ती अधिक स्वीकारार्ह ठरते.

समारोप

कुलनाम शिकविताना त्याची व्युत्पत्ती, परिसरातील एक उदाहरण आणि त्या नावाची मर्यादा या तीन बाबी सांगितल्या जाव्यात. मर्यादा न सांगितल्यास ओळखीचा शब्दच चुकीच्या संकल्पनेचे कारण बनतो. पारिभाषिक संज्ञा मराठी असो वा इंग्रजी, तिचा अर्थ विद्यार्थ्याच्या अनुभवाशी जोडला गेला तरच ती ज्ञानाचे साधन ठरते.