स्वे बार: बसवणं सोपं, जुळवणं महत्त्वाचं

स्पोर्ट्स कारला जाड स्वे बार बसवावा का, असं बरेचजण विचारतात. आधी तो करतो काय, ते सांगतो.

वळणावर गाडी बाहेरच्या बाजूला कलते. स्वे बार म्हणजे डाव्या-उजव्या चाकांना जोडणारी पोलादी दांडी. एक चाक वर आणि दुसरं खाली गेलं की ती पिळली जाते आणि कलणं रोखते. भरीव दांडीचा ताठपणा व्यासाच्या चौथ्या घातानं वाढतो. म्हणजे २० ऐवजी २२ मिलिमीटरची घेतली, तर ताठपणा सुमारे ४६ टक्क्यांनी वाढला!

पॉलीयुरेथेन बुशना सिलिकॉन ग्रीस लावा. एंड लिंक कसताना गाडीचं वजन चारही चाकांवर हवं. शेवटचा बोल्ट हातानं सहज आत गेला पाहिजे. जोर लावावा लागला, तर दांडी आधीच पिळलेली आहे. लिंकची लांबी जुळवा. नाहीतर गाडी डावीकडे एक आणि उजवीकडे दुसरंच वागेल.

टोकाकडचं भोक मऊ, आतलं कडक. दोन्ही बाजूंना भोक एकच ठेवा.

पुढचा बार कडक केला की वळणावर नाक बाहेर जातं. मागचा कडक केला की शेपूट सुटतं. पावसात, घाटात सुटलेलं शेपूट जिवावर बेतू शकतं. म्हणून माझा सल्ला: मागचा बार सगळ्यांत मऊ भोकावरून सुरू करा, एका वेळी एकच बदल करा, वहीत लिहा आणि चाचणी बंद ट्रॅकवरच घ्या.